हेडशॉट, पाली दरवाजा आणि माझा एक विद्यार्थी



आजचा लेख पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर नाही. पण तो शिकण्यावरच आहे. विषय आहे मोबाईलवरचे गोळीबाराचे गेम आणि त्यात पटाईत झालेली आपली पोरं. लेख थोडा लांबला आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, अशी विनंती.

गेल्या वर्षी माझ्याकडून एक चूक झाली. ती आधी सांगतो, कारण बाकीचं सगळं तिथूनच सुरू होतं.

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. राजगडाच्या पायथ्याला पाली गावाकडच्या वाडीतून येणारा. नाव सांगत नाही. वडील पावसाळ्यात भात करतात, उरलेले महिने पुण्याकडे गवंडीकामाला जातात. मुलगा हुशार, पण सहामाहीत गणितात नापास, इंग्रजीत काठावर. वर्गात डुलक्या काढायचा. कारण सगळ्यांनाच माहीत होतं. चार विरुद्ध चार अशा टोळ्यांचा, छोट्या मैदानात खेळायचा एक नेमबाजीचा गेम. रात्री एक-दीडपर्यंत चालायचा. पालकसभेत वडील आले. कामावरून तसेच आलेले, हाताला सिमेंट. त्यांनी विचारलं, "गुरुजी, काय करू?" मी फार विचार न करता म्हणालो, "फोन काढून घ्या, दादा. दुसरा इलाज नाही."

त्यांनी इलाज केला. घरी जाऊन फोन दारातल्या दगडावर आपटला. दुसऱ्या दिवसापासून पोरगं शाळेत यायचं बंद झालं. नऊ दिवस आलं नाही. दहाव्या दिवशी मीच त्याच्या घरी गेलो.

तो ओसरीत बसला होता. मी समजुतीच्या चार गोष्टी सांगितल्या, त्याने ऐकल्या न ऐकल्यासारख्या केल्या. मग सहज तोंडातून निघालं, "अरे, एवढं काय आहे रे त्या गेममध्ये? नुसतं बटण दाबायचं ना?" तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "सर, तुम्हाला एक मिनिटसुद्धा टिकता येणार नाही."

मी म्हटलं, "मग शिकव मला."

विद्यार्थी गुरुजी झाला

चुलतभावाचा फोन आणला. पहिल्या खेळात मी अकरा सेकंदांत गारद. दुसऱ्यात त्याहून लवकर. मारणारा कुठून आला हेही कळलं नाही. मुलगा हसला नाही. तो शिकवायला लागला. आणि खरं सांगतो, इतकं मुद्देसूद शिकवणं मी आमच्या कित्येक प्रशिक्षणांत पाहिलेलं नाही.

त्याने सांगितलेले मुद्दे त्याच्याच शब्दांत, थोडे नीट करून देतो. ज्या पालकांनी हे गेम कधी हातात घेतले नाहीत, त्यांनी जरूर वाचावेत.

पहिला मुद्दा. "सर, शत्रू दिसल्यावर नेम धरायचा नसतो. नेम आधीच धरलेला असतो." म्हणजे चालताना नेमाची खूण जमिनीकडे ठेवायची नाही. समोरचा माणूस ज्या कोपऱ्यातून येईल त्या कोपऱ्यावर, त्याच्या डोक्याच्या उंचीवर ती आधीच ठेवायची. मग तो आला की बोट जेमतेम हलवावं लागतं. नवखे खेळाडू बोटाच्या वेगावर जिंकू पाहतात. जाणते खेळाडू आधीच तयार असतात.

दुसरा मुद्दा. बंदूक उडते. सलग गोळ्या झाडल्या की धक्क्याने नेम वर चढत जातो. म्हणून लांबच्या शत्रूवर तीन-चार गोळ्यांचे तुकडे पाडायचे, जवळच्यावर सलग मारायचं पण अंगठा हळूहळू खाली ओढत राहायचं. प्रत्येक बंदुकीचा धक्का वेगळा, तो पाठच करावा लागतो.

तिसरा मुद्दा. आडोसा. "मोकळ्यात उभा राहिलेला माणूस मेलेलाच समजायचा." भिंतीच्या कडेने जेवढं लागेल तेवढंच अंग बाहेर काढायचं, मारायचं, परत आत. गोळ्या भरायच्या त्या आडोशामागेच. एकाच कडेने दोनदा डोकवायचं नाही, कारण समोरचा आता तिथेच नेम धरून बसलेला असतो.

चौथा मुद्दा. थांबायचं नाही. मारतानाही डावी-उजवीकडे सरकत राहायचं, पण एकाच तालात नाही. ताल समोरच्याला कळला की खेळ संपला.

पाचवा मुद्दा. कान. पावलांचा आवाज डावीकडून की उजवीकडून, वरच्या मजल्यावरून की खालून, हे ऐकून ओळखायचं.

सहावा मुद्दा मला सगळ्यात आवडला. बोलणं. चौघांनी एकमेकांना काय सांगायचं? "अरे, मारतोय, मारतोय, वाचवा!" असं ओरडणाऱ्याचा काही उपयोग नाही. "पिवळं घर, वरची खिडकी, एकटा, अर्धा झालाय." बस, एवढंच. कुठे, किती, कुठल्या अवस्थेत.

मित्रहो, हा मुलगा माझ्या मराठीच्या तासाला 'सूचना लेखन' या घटकात पाचपैकी एक गुण मिळवणारा होता! आणि तो मला मोजक्या शब्दांत नेमकी माहिती कशी द्यावी हे समजावत होता.

मी विचारलं, "हे सगळं तुला कोणी शिकवलं?" तो म्हणाला, "कोणी नाही. मेलो की बघायचं का मेलो."

हे वाक्य मी त्या रात्री डायरीत लिहून ठेवलं.

हा खेळ नुसत्या बटणांचा नाही

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. या प्रकाराला मूळ नाव 'अरीना शूटर'. अरीना म्हणजे आखाडाच म्हणा ना. ठरावीक मैदान, सगळे समान बळाचे, मेलं की पुन्हा उठायचं आणि पुन्हा भिडायचं. अमेरिकेतल्या इड सॉफ्टवेअर या कंपनीने १९९६ साली 'क्वेक' हा गेम काढला आणि १९९९ साली 'क्वेक थ्री अरीना'. त्याच वर्षी 'अनरियल टूर्नामेंट' आला. आज आपल्या पोरांच्या हातातल्या गेममध्ये जे दिसतं, त्यातलं बरंचसं तिथून आलेलं आहे. १९९७ मध्ये 'थ्रेश' या टोपणनावाने खेळणाऱ्या डेनिस फाँगने क्वेकची स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याला बक्षीस म्हणून गेम बनवणाऱ्या जॉन कारमॅकची फेरारी गाडी मिळाली होती!

या जुन्या गेममधली दोन उदाहरणं देतो. गणित शिकवणाऱ्यांना ती उपयोगी पडतील.

क्वेक थ्रीमध्ये खेळाडू साधारण सेकंदाला ३२० एकक धावतो आणि रॉकेट सेकंदाला ९०० एकक जातं. शत्रू ९०० एकक लांब आडवा पळतोय. त्याच्यावर नेम धरून रॉकेट सोडलं तर ते पोचायला एक सेकंद लागणार आणि तेवढ्यात तो ३२० एकक पुढे गेलेला असणार. म्हणून नेम त्याच्यावर धरायचाच नाही, ३२० एकक पुढे रिकाम्या जागेवर धरायचा. शत्रू ४५० एककांवर असेल तर किती पुढे? अर्धा सेकंद, म्हणजे १६० एकक. वेग, वेळ, अंतर! गोफणीने उडतं पाखरू हेरणाऱ्या आपल्या राखणदाराला हे न शिकता येतं.

दुसरं उदाहरण. मैदानात चिलखत ठेवलेलं असतं. उचललं की २५ सेकंदांनी परत येतं. मोठी ताकद देणारी वस्तू ३५ सेकंदांनी येते. पट्टीचा खेळाडू लढता लढता मनात हे दोन्ही आकडे मोजत असतो आणि वेळेला बरोबर त्या जागी हजर होतो. आता मुलांना विचारा: दोन्ही वस्तू एकाच क्षणी उचलल्या आणि पुढेही आल्या आल्या लगेच उचलत गेलो, तर त्या पुन्हा एकाच क्षणी कधी येतील? उत्तर १७५ सेकंदांनी. हा लसावि झाला. मी हे उदाहरण फळ्यावर घेतलं तेव्हा मागच्या बाकावरचे तिघे पहिल्यांदा पुढे सरकून बसले.

आणि हे तिसरं मी स्वतः तयार केलेलं. समजा शत्रूची ताकद २०० आहे. अंगावर गोळी लागली तर ३० कमी होतात, डोक्यात लागली तर ६०. बंदूक सेकंदाला १० गोळ्या झाडते. अंगावर किती गोळ्या लागतील? सात, कारण सहांत १८० च होतात. डोक्यात? चार. मग वेळ किती? मुलं म्हणतात ०.७ सेकंद आणि ०.४ सेकंद. चूक! पहिली गोळी शून्य सेकंदालाच सुटते. सात गोळ्यांमध्ये अंतरं सहा, म्हणून ०.६. चार गोळ्यांमध्ये अंतरं तीन, म्हणून ०.३. कुंपणाचे खांब आणि मधल्या जागा, हेच ते जुनं उदाहरण. आणि अंगावरच्या निम्म्याच गोळ्या लागल्या तर? चौदा गोळ्या, १.३ सेकंद. तोवर नेम चांगला असलेल्या समोरच्याने आपल्याला दोनदा मारलेलं असेल. म्हणजे घाईपेक्षा अचूकपणा महत्त्वाचा, हे मुलांनी स्वतःच फळ्यावर सिद्ध केलं. मी उपदेश केला असता तर ते जांभया देत बसले असते.

अभ्यासकांनीही या गेमकडे पाहिलं आहे. शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बॅव्हेलियर या दोघांचा शोधनिबंध २००३ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. वेगवान ॲक्शन गेम खेळणाऱ्यांचं डोळ्यांनी लक्ष वेधण्याचं कौशल्य न खेळणाऱ्यांपेक्षा जास्त असल्याचं त्यांना आढळलं. आधी न खेळणाऱ्यांना रोज एक तास असा दहा दिवस सराव दिला, तर त्यांच्यातही सुधारणा दिसली. मात्र हे वाचून लगेच टाळ्या वाजवू नका. पडद्यावर एकाच वेळी अनेक गोष्टींवर नजर ठेवता येणं वेगळं आणि परिच्छेद वाचून त्याचा अर्थ लावणं वेगळं. आणि प्रयोगातला सराव रोज एक तासाचा होता. रात्री दीडपर्यंतचा नव्हता.

हे गेम आता परदेशातच बनतात असंही नाही. आपल्या पुण्यातल्या सुपरगेमिंग या कंपनीने 'मास्कगन' हा अनेक खेळाडूंचा नेमबाजीचा गेम चालवला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये 'इंडस' आणला. म्हणजे वेल्ह्यातून एसटीने दोन-तीन तासांवर असे लोक बसलेले आहेत, जे बंदुकीचा धक्का किती असावा, भिंत किती उंच असावी याचा हिशोब पगार घेऊन करतात. त्यात गणित आहे, चित्रकला आहे, संगणकाची भाषा आहे. पोरांना हे आपण सांगतो का?

पाली दरवाजाची शाळा

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

मुलगा शाळेत परत आला. दिवाळीनंतर आम्ही वर्ग घेऊन राजगडावर गेलो. दरवर्षी जातो. दरवर्षी मी तीच माहिती सांगतो आणि मुलं दरवर्षी सेल्फी काढतात. या वेळी मी पाली दरवाजाची वाट धरली आणि त्या मुलाला म्हटलं, "आज माहिती तू सांगायची. तुला हा गड घ्यायचा आहे. तुझी टोळी खाली पालीत आहे. कसा घेशील?"

तो पायऱ्या चढता चढता गप्प झाला. वर बघत होता, मागे बघत होता. ही वाट चांगली रुंद आहे, खोदीव पायऱ्या आहेत. पहिला दरवाजा एवढा मोठा, की अंबारीसह हत्ती आत यावा. आम्ही दरवाजाशी पोचलो. तो म्हणाला, "सर, रस्ता मुद्दाम सोपा ठेवलाय, पण आडोसा कुठेच नाही. वरच्याला आम्ही अख्खे दिसतोय."

मग पहिला दरवाजा ओलांडून आम्ही पुढे निघालो. दुसरा दरवाजा साधारण दोनशे मीटरवर. तो मध्येच थांबला. "सर, हा घातपात आहे! पहिला दरवाजा फोडला की माणसाला वाटणार जिंकलो. पण आता इथे तो मधल्या मध्ये अडकला. पुढे बंद, वरून मार."

दुसऱ्या दरवाजाला बलदंड बुरूज आहेत. वरच्या परकोटाला गोल झरोके आहेत. त्यांना फलिका म्हणतात, तोफा डागायला वापरत. मी त्याला ते दाखवले. तो कितीतरी वेळ बघत राहिला. म्हणाला, "आतल्याला बाहेरचं सगळं दिसणार, बाहेरच्याला फक्त भोक. सर, गेममध्ये आम्ही भिंतीच्या कडेने डोकवतो, पण तरी अर्धं डोकं बाहेर येतंच. हे तर त्याच्याहून भारी आहे." मग दरवाजाच्या आत पहारेकऱ्यांच्या देवड्या दाखवल्या. "आत घुसणाऱ्याचं लक्ष समोर, आणि हे दोन्ही बाजूंना बसलेले," असं त्यानेच सगळ्यांना सांगितलं.

पुढे संजीवनी माचीवर दुहेरी तटबंदी पाहिली. बाहेरचा तट पडला तरी आतला उभा. "ही दुसरी लाईफ झाली," असं एक मुलगी म्हणाली. सगळे हसले, पण तिने मुद्दा बरोबर पकडला होता.

वीस वर्षं मी मुलांना 'गडाची रचना अभेद्य होती' हे वाक्य लिहून देतोय. वीस वर्षांत एकाही मुलाने मला 'अभेद्य म्हणजे कशी?' असं विचारलं नाही. त्या दिवशी ते समजावून सांगणारा मुलगा माझ्या वर्गातला गणितात नापास झालेला मुलगा होता. आमच्या या गडाचं नाव जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये आलं. 'लष्करी भूदृश्य' म्हणजे काय, ते त्या पोराने दोनशे मीटरच्या त्या वाटेवर उभं राहून सांगितलं होतं.

खाली उतरताना तो म्हणाला, "सर, गेममध्ये असल्या अरुंद जागेला चोक पॉइंट म्हणतात." मी म्हटलं, "आपण खिंड म्हणतो." आणि मग घोडखिंडीची गोष्ट सांगितली. जुलै १६६०. आपल्या शेजारच्या हिरडस मावळातले बाजीप्रभू आणि बांदलांची माणसं. महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत खिंड धरून ठेवली. गोष्ट मुलांना माहीत होती. पण या वेळी 'थोड्यांनी पुष्कळांना का अडवता आलं' हे त्यांना समजलं. अरुंद जागेत शत्रूची संख्या निरुपयोगी होते.

मग मी एवढंच म्हणालो, "आणि तिथे पडलेले बाजी पुन्हा उठले नाहीत." पुढची पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही. या गेमबद्दल मला मुलांशी जे सगळ्यात महत्त्वाचं बोलायचं होतं, ते तिथे बोलून झालं.

पण एकच बाजू सांगत नाही

एवढं वाचून काही पालक म्हणतील, "म्हणजे सर, गेम चांगलाच म्हणायचा!" नाही. थांबा.

गेममध्ये मेलेला माणूस उठतो. खऱ्यात उठत नाही. गेममध्ये बंदुकीचा धक्का अंगठ्याला लागतो, खऱ्यात आयुष्याला. हे मुलांना माहीत नसतं असं मी म्हणत नाही, पण कोणीतरी मोठ्या माणसाने ते त्यांच्याशी बोललं पाहिजे. हांगझोच्या आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्सची पदकं होती. तिथे पबजी मोबाईलची जी आवृत्ती खेळवली, तिच्यात खेळाडू एकमेकांवर गोळ्या झाडत नव्हते, लक्ष्यांवर नेम धरत होते. खेळाचं कौशल्य ठेवून माणूस मारणं बाजूला काढता येतं, हे त्यावरून दिसतं.

दुसरं, गेम संपू नये अशीच त्याची मांडणी असते. हरलं की 'अजून एक', जिंकलं की 'अजून एक'. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर नुकसान. चौदा वर्षांच्या पोराकडून आपण अपेक्षा करतो की त्याने स्वतःहून फोन खाली ठेवावा. आपण मोठी माणसं तरी रील बघताना ठेवतो का?

जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार घातला. ही आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्याच्या खुणा तीन. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ मोठा होणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं. तेही साधारण वर्षभर आणि रोजचं जगणं बिघडेल इतकं. पालकहो, तुमचं मूल रविवारी दोन तास खेळलं म्हणून ते व्यसनी झालं नाही. पण या तिन्ही खुणा महिनोन् महिने दिसत असतील तर रागावणं पुरेसं नाही, डॉक्टरांचा किंवा समुपदेशकांचा सल्ला घ्या. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तिसरं, पैसा. कपडे, बंदुकीची रंगीत कातडी, नाचाच्या लकबी, सगळं विकत. नेम त्याने सुधारत नाही. शिवाय पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम हा तर वेगळाच विषय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावायच्या गेमवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता दिली. मुलांना हा फरक समजावून सांगा. दोन्हींना सरसकट 'गेम' म्हणून मोकळे होऊ नका.

आणि नुसती बंदी काय करते, तेही आपण पाहिलं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाईलवर बंदी आली. पोरं दुसऱ्या गेमवर गेली. जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये तो दुकानांतून काढला, मे २०२३ मध्ये परत आला. अठरा वर्षांखालच्यांना रोज तीन तासांची मर्यादा त्यात घातली गेली. आमच्या वर्गातल्या पोरांनी मला सांगितलं की घरातल्या मोठ्यांच्या नावाने खातं काढलं की झालं. म्हणजे कुंपण सरकारने घालो की कंपनीने, दार शेवटी घरातूनच उघडतं.

माझं मत

इतकं सगळं झाल्यावर माझं मत असं बनलं आहे.

गेममध्ये आलेलं प्रावीण्य खोटं नाही. ते खरं शिकणं आहे. आपण त्याला 'टाइमपास' म्हणतो तेव्हा मुलाला कळतं की यांना काहीच माहीत नाही. मग आपलं बाकीचं बोलणंही ते त्याच खात्यात टाकतं. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

पण ते प्रावीण्य आपोआप दुसरीकडे जात नाही. तो मुलगा दोन वर्षं 'कुठे, किती, कुठल्या अवस्थेत' असं नेमकं बोलत होता आणि तरी सूचना लेखनात नापास होत होता. मधला पूल कोणीतरी बांधावा लागतो. तो बांधणं हे शिक्षकाचं काम आहे. गेम ते करणार नाही.

आणि आपल्या वर्गात काय कमी आहे, तेही गेमने मला दाखवलं. गेममध्ये चूक लगेच कळते, आणि चुकल्याबद्दल कोणी चारचौघांत अपमान करत नाही. पुन्हा करून बघता येतं. आमच्या सहामाहीचा पेपर मुलाच्या हातात तीन आठवड्यांनी पडतो, तोवर त्याला प्रश्नही आठवत नाहीत. "मेलो की बघायचं का मेलो" हे त्याने कधी गणिताच्या पेपरवर केलं नाही, कारण आपण त्याला तशी संधीच देत नाही. या वर्षी मी एक साधा बदल केला. दर शुक्रवारी पाच गणितं, तिथल्या तिथे तपासायची, आणि चुकलेल्या गणिताखाली मुलाने एक ओळ लिहायची: 'का मेलो'. मुलांनीच हे नाव ठेवलं. 'वजाचं चिन्ह विसरलो.' 'प्रश्न पूर्ण वाचलाच नाही.' 'घाई केली.' गुण नाहीत, शिक्षा नाही.

नेमबाजीचंच बोलायचं तर आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं उदाहरण मुलांना द्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवलं. पन्नास मीटरवरच्या लक्ष्याचं सगळ्यात आतलं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. तिथे पुन्हा उठायची सोय नसते. एक गोळी वाया गेली की गेली. श्वास, पाय, मन, सगळं सांभाळावं लागतं. अंगठ्याच्या नेमापासून या नेमापर्यंत किती अंतर आहे, हे मुलांना स्वतः मोजू द्या.

पालकांना तीन गोष्टी सुचवतो.

एक, फोन आपटू नका. वेळ ठरवा, आणि ती मुलासोबत बसून ठरवा. 'एक तास' असं म्हणण्यापेक्षा 'तीन डाव' असं म्हटलं तर जास्त चालतं, कारण डाव मध्येच सोडला तर बाकीच्या तिघांचं नुकसान होतं आणि पोरगं चिडतं. रात्री नऊनंतर फोन मोठ्यांच्या खोलीत. आणि तुमचाही.

दोन, आठवड्यातून एकदा शेजारी बसा आणि विचारा, "हे कसं केलंस?" रागावून नाही, खरंच विचारा. पोरगं काय खेळतं, कोणाशी बोलतं, काय विकत मागतं, सगळं त्या दहा मिनिटांत कळतं.

तीन, खेळात जे जमतं ते बाहेर कुठे लागू पडेल ते शोधा. नेम चांगला आहे? लगोरी, गोफण, क्रिकेट, एनसीसी. नकाशा वाचता येतो? गडावर न्या. आपल्या तालुक्यात तर राजगड आणि तोरणा दोन्ही आहेत. घरबसल्या एवढा मोठा आखाडा आणखी कोणाला मिळाला आहे?

त्या मुलाचं पुढे काय झालं

हा प्रश्न तुम्ही विचारणार, म्हणून सांगतो. चमत्कार झाला नाही. तो आता दहावीत आहे. गणितात काठावर पास होतो. गेम सुटलेला नाही, कमी झाला आहे. कधीकधी अजूनही डुलक्या काढतो आणि मला कळतं की काल तीन डावांचे सहा झाले.

त्याच्या वडिलांना मी नंतर भेटलो आणि म्हटलं, "दादा, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचा सल्ला दिला." ते खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, फोन सहा हजाराचा होता. त्याचं काय नाय. पण पोरगं नऊ दिवस माझ्याशी बोललं नव्हतं." एवढं बोलून ते कामावर गेले.

गेल्या महिन्यात निबंधाला विषय दिला होता, 'माझ्या गावचा दरवाजा'. त्याने पाली दरवाजावर दीड पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. पण शेवटची ओळ अशी होती: 'हा दरवाजा ज्यानी बांधला त्यानी आधी शत्रूच्या जागी उभं राहून बघितलं असणार.'

मी वहीवर पूर्ण गुण दिले. आणि खाली लाल शाईने लिहिलं, 'शिक्षकानेही तेच करायला हवं होतं. मला उशीर झाला.'

तुमच्या वर्गातला, तुमच्या घरातला अनुभव काय आहे, तो जरूर कळवा.